हरळीची चाकरी

सोलापूर जिल्ह्यात हरळी ही शेतकऱ्याची जुनी वैरीण. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं तापू द्यायची आणि मग घरातल्या लहानथोरांनी रानात उतरून काशा, म्हणजे तिची मातीतली खोडं, वेचायच्या. एक पेर जरी मातीत राहिलं तरी पहिल्या पावसात त्याला फूट येते आणि रब्बीच्या पेरणीपर्यंत निम्मं रान तिनं गिळलेलं असतं. मोहोळ तालुक्यात या काशा वेचतच मी वाढलो. पुढे कृषी पदवी घेतली आणि नोकरी लागली ती गोल्फच्या मैदानावर, हीच हरळी जोपासण्याची. आमचे तात्या पहिल्यांदा मैदान बघायला आले, तेव्हा हिरवळीच्या कडेला उकिडवे बसले, गवत चाचपलं आणि म्हणाले, "आरं, ही तर हरळी! हिला वाढवायचा पगार देत्यात व्हय तुला?"

तात्यांनी बरोबर ओळखली होती. गोल्फच्या जगात 'बर्म्युडा' म्हणून मिरवणारं गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, तिचा संकर लावतात. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला ग्लेन बर्टन यांनी हरळीचा तिच्या आफ्रिकी भावंडाशी संकर करून 'टिफग्रीन' हा वाण काढला, तो १९५६ साली बाहेर आला. पुढे त्यातूनच 'टिफड्वार्फ' निघाला. या वाणांना उगवणारं बी धरत नाही. मग लागवड करायची ती काशांचे तुकडे करून, वाळूत दाबून. ज्या गुणापायी माझ्या आजीची कंबर गेली, त्याच गुणावर माझं घर चालतं.

जमिनीच्या बाबतीतही सगळं उलटं शिकावं लागलं. आमच्या काळ्या रानात कसब असतं ते ओल धरून ठेवण्याचं. इथे कसब पाणी सोडून देण्याचं. अमेरिकी गोल्फ संघटनेनं १९६० साली जी पद्धत घालून दिली, तिच्यात तळाशी निचऱ्याचे पाइप, त्यावर सुमारे १० सेंटिमीटर खडी आणि वर ३० सेंटिमीटर वाळूचा थर असतो. मुसळधार पाऊस थांबल्यावर थोड्याच वेळात खेळ सुरू झाला की पाहुणे खूश होतात, पण पायाखाली गाडलेल्या पाइपांची आठवण कुणाला येत नाही.

आमचं काम पहाटे सुरू होतं. आधी दव झाडायचं, मग हातानं चालवायचं कापणीयंत्र घेऊन तीन-चार मिलिमीटरवर गवत कापायचं. कालची दिशा आज घ्यायची नाही, नाहीतर हरळी एकाच अंगाला लोळते. त्यानंतर होल हलवायचा. सव्वाचार इंच रुंदीचा गोळा नव्या जागी कापून काढायचा आणि जुन्या खड्ड्यात बसवायचा, म्हणजे रोज एकाच जागी पावलं पडत नाहीत. इतिहास बघायला हजारो मैल जाणाऱ्यांना हे सांगितलं की गंमत वाटते. ज्या होलमध्ये कुणा विजेत्यानं शेवटचा चेंडू घातला, तो दुसऱ्याच दिवशी बुजवलेला असतो.

या होलची कड दुपारनंतर नीट बघावी. एका बाजूला ती फाटकी, करपलेली दिसते. हरळी आडवी धावते. त्या बाजूच्या पात्यांची मुळं पहाटे काढलेल्या गोळ्याबरोबर गेलेली असतात. म्हणजे गवताचा कल त्या बाजूला. कलाबरोबर मारलेला चेंडू पळतो, कलाविरुद्ध मारलेला रेंगाळतो. हे वाचायला शिकवणारा पुष्कळदा खेळाडूची पिशवी वाहणारा कॅडी असतो.

माझ्या मैदानावर येणारे पाहुणे बरंच जग फिरलेले असतात. दिल्ली गोल्फ क्लबात जुन्या मकबऱ्यांच्या सावलीत खेळलेले असतात. १८२९ साली स्थापन झालेल्या, ब्रिटनबाहेरच्या सर्वांत जुन्या रॉयल कलकत्त्यात जाऊन आलेले असतात. गुलमर्गला २६५० मीटर उंचीवर हवा विरळ असल्यानं आपला चेंडू कसा लांब गेला, ते रंगवून सांगतात. आणि शेवटी गाडी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर येते. तिथे एका फेरीला हंगामात तीनशे पौंडांहून अधिक लागतात आणि तेवढे देऊनही पुष्कळांना चिठ्ठीत नाव निघण्याची वाट बघावी लागते.

मीही तिथे गेलो, पण रविवारी. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि गावातली माणसं कुत्री घेऊन खुशाल त्यावरून फिरतात, कारण जमीन सार्वजनिक आहे. फिरताना माझी नजर हिरवळीवरच होती. तिथे हरळी नाही, थंड हवेतली फेस्क्यूसारखी बारीक गवतं. सात प्रशस्त ग्रीन दोन-दोन होलना सामाईक. त्या जोड्यांची बेरीज दर वेळी अठराच, दुसऱ्याला सोळावा, तिसऱ्याला पंधरावा. ओल्ड टॉम मॉरिस हा माणूस ओपन स्पर्धा चारदा जिंकला, पण त्याचं खरं काम आमचंच: १८६० च्या दशकापासून त्यानं हे मैदान राखलं आणि ग्रीनवर वाळू पसरण्याचा परिपाठ घातला. आम्ही आजही तेच करतो.

मला सगळ्यात भावला तो तिथला रंग. २०२२ साली दीडशेवी ओपन याच मैदानावर झाली, तेव्हा कोरड्या उन्हाळ्यानं फेअरवे, म्हणजे ग्रीनकडे नेणारे गवताचे पट्टे, पिवळे पडले होते. जमीन टणक, चेंडू लांबवर घरंगळणारा. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे मात्र महागडं मैदान म्हणजे बारा महिने हिरवंगार, असं ठरूनच गेलं आहे. सोलापूरच्या माणसाला हे पटत नाही. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लागतात, तिथला मी, रोज संध्याकाळी फवारे सुरू करायची ऑर्डर देतो. पाणी सांडपाण्यावर प्रक्रिया केलेलं आहे, हे खरं. तरीही कमी पाण्यात भागवण्याकडेच माझा कल असतो. हरळीची त्याला ना नसते. पाणी तुटलं तर ती पिवळी पडून निपचित राहते आणि पावसाबरोबर उठते. इंग्रजी अमदानीत कोरड्या छावण्यांमध्ये साहेबही हिरवळीचा हट्ट सोडून तेल मिसळलेल्या वाळूच्या 'ब्राउन'वर खेळतच होता.

म्हणून कुणी मैदानं बघायला निघालं की मी सांगतो: पहिली वेळ घ्या, थोडं आधी पोहोचा, माळ्यांचं काम बघा, मैदान त्या गावच्या मातीचं वाटतं का ते पारखा. आणि चेंडू पडून ग्रीनवर खळगा झाला तर तो स्वतः दुरुस्त करा. काटा कडेनं घालून गवत मध्याकडे लोटायचं, खालून उचकटायचं नाही, मुळं तुटतात. तीनशे पौंड भरलेल्यालाही यातून सूट नाही.