बंदराच्या तोंडावरचा विसावा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेक्सिकोच्या सीमेलगत वसलेले सॅन डिएगो हे शहर सौम्य हवेसाठी आणि नैसर्गिक बंदरासाठी प्रसिद्ध आहे. चंद्रकोरीसारखी वळलेली तिथली खाडी पॉइंट लोमाच्या उंच, चिंचोळ्या भूशिराच्या आडोशाला आहे. १५४२ च्या सप्टेंबरमध्ये स्पेनच्या सेवेतील काब्रियो हा दर्यावर्दी याच आडोशाला आला. पुढे इथे आरमाराचा मोठा तळ उभा राहिला. आम्ही उभयता मुलीकडे गेलो असता खाडीची फेरी घडवणाऱ्या बोटीतून हा परिसर पाहण्याचा योग आला. विमानवाहू ‘मिडवे’ जहाजावरील संग्रहालय आणि कोरोनाडोचा उंच पूल ही स्थळे पाहण्यासारखी आहेतच. परंतु मनात घर करून राहिला तो खाडीच्या तोंडाशी डुलणारा एक लोखंडी बोया आणि त्यावर पहुडलेले समुद्रसिंह.

बोया म्हणजे पाण्यावरचा मैलाचा दगडच. समुद्राच्या पृष्ठभागाकडे पाहून खाली किती पाणी आहे, खडक कुठे आणि गाळ कुठे, हे कळत नाही. म्हणून सुरक्षित जलमार्गाच्या दोन्ही कडांना बोये मांडतात. खाली पोकळ लोखंडी तरंगता भाग, त्यावर सांगाडा, सांगाड्याच्या माथ्यावर दिवा आणि त्याला वीज पुरवणारे सौर पत्रे, अशी मोठ्या बोयाची रचना असते. जाड साखळीने तो तळाशी ठेवलेल्या जड ठोकळ्याला जखडलेला असतो. काही बोयांवर घंटाही असते. तिचे टोल वाजवायला कोणी माणूस लागत नाही. लाटांच्या हेलकाव्यानेच ती वाजते आणि धुक्यात वाट चुकणाऱ्याला सावध करते.

समुद्राकडून बंदरात शिरताना अमेरिकेत तांबडे बोये उजव्या हाताला आणि हिरवे डाव्या हाताला असतात. तांबड्यांवर सम आकडे, हिरव्यांवर विषम. आपल्याकडे मुंबई बंदरात शिरताना नेमके उलट, तांबडे डावीकडे. १९८० साली टोकियोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जगभरच्या निरनिराळ्या पद्धती मोडून एक समान व्यवस्था ठरली. तीत रंगांपुरते मात्र जगाचे दोन विभाग करावे लागले. अमेरिका खंड, जपान, दक्षिण कोरिया व फिलिपिन्स एका विभागात आणि भारतासह उरलेले बहुतेक जग दुसऱ्यात. गेटवेहून मांडव्याला जाताना हे बोये आपण सर्वांनीच पाहिलेले असतात. हिवाळ्यात त्यावर कुरव पक्षी बसलेले दिसतात. मात्र सील किंवा समुद्रसिंह आपल्या किनाऱ्यावर नाहीत. त्यामुळे सॅन डिएगोचा तो देखावा आमच्या डोळ्यांना सर्वस्वी नवा होता.

बोट तोंडाशी पोहोचण्याआधीच भुंकण्यासारखा आवाज कानी आला. बोयाच्या गोल बैठकीवर चार समुद्रसिंह एकमेकांना खेटून पडले होते. एकाची मान दुसऱ्याच्या पाठीवर, डोळे मिटलेले. त्यांच्या भाराने बोया एका अंगाला कलला होता. पाचवा खाली पाण्यात घिरट्या घालीत होता. लाट वर आली की तो उसळी मारी, पुढचे पर बैठकीच्या कडेला टेकवी आणि घसरून परत पाण्यात पडे. चौथ्या खेपेस त्याला लाट बरोबर साधली. आधीच्या चौघांनी थोडी कुरकुर केली, जरा सरकले, आणि पाचवाही तिथे सामावला. मुंबईच्या लोकलमधली चौथी सीट ज्यांनी अनुभवली आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

सील आणि समुद्रसिंह यांत भेद आहे. समुद्रसिंहाला बाहेर दिसणारे इवलेसे कान असतात आणि मागचे पर अंगाखाली वळवून तो चालू शकतो, चढू शकतो. खऱ्या सीलला असे कान नसतात आणि जमिनीवर तो पोटावर सरपटतो. म्हणूनच उंच बोयावर चढलेला प्राणी बहुधा समुद्रसिंहच असतो. मोठा नर साडेतीनशे किलोपर्यंत भरतो, मादी सुमारे शंभर किलोची. मासे आणि माखल्या यांच्यासाठी तो थंड पाण्यात खोल बुड्या मारतो. त्यानंतर अंग शेकायला आणि निर्धास्त झोपायला त्याला कोरडी जागा लागते. खडक, वाळू, धक्का, बोया, जे मिळेल ते त्याला चालते.

हा निर्धास्तपणा त्याच्या वाट्याला अलीकडेच आला आहे. तेलासाठी, कातड्यासाठी आणि मासेमारीतला प्रतिस्पर्धी म्हणून माणसाने त्याला वर्षानुवर्षे मारले. १९७२ साली अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्यांना मारणेच नव्हे, तर छळणे किंवा हुसकावणेही सामान्यतः गुन्हा ठरले. अमेरिकी किनाऱ्यावरील त्यांची संख्या १९७५ मध्ये नव्वद हजारांच्या आत होती. २०१४ मध्ये ती अडीच लाखांच्या वर असल्याचे शास्त्रज्ञांनी मांडले.

अर्थात या खात्याला नावेची बाजूही आहे. गळाला लागलेला मासा समुद्रसिंह पळवतो. धक्क्यावर त्यांचा कळप बसला की तक्ते मोडतात, भाराने लहान होड्या बुडतात आणि दुर्गंधीने लोक हैराण होतात. ज्या मच्छीमाराच्या दिवसभराच्या श्रमावर असे पाणी पडते, त्याला आपल्या कौतुकात सामील होण्याचा आग्रह आपण करू नये. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला हा हिशेब टाळता येत नाही. संरक्षणाचा आनंद पर्यटकाच्या पदरी पडतो आणि त्याची किंमत पुष्कळदा दुसराच कोणी मोजतो.

बोयाचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. त्याची देखभाल तटरक्षक दलाकडे असते. सरकारी बोयाला बोट बांधण्यास कायद्याने मनाई आहे, कारण तो जागचा हलला किंवा दिवा झाकला गेला तर जहाजाच्या जिवावर बेतेल. माणसाला तिथे मज्जाव, म्हणूनच प्राण्याला तिथे शांतता. आम्ही पाहिला तो बोया कलला होता खरा, पण त्याचा रंग, आकडा आणि माथ्यावरचा दिवा स्पष्ट दिसत होते.

याच शहरात ला होया येथे याहून अवघड प्रकरण पाहायला मिळते. मुलांना लाटांचा मार न लागता पोहता यावे म्हणून एलेन ब्राउनिंग स्क्रिप्स या दानशूर बाईंच्या देणगीतून १९३१ मध्ये तिथे वळणदार भिंत बांधली गेली. भिंतीमागे वाळू साठली आणि पुढे नव्वदच्या दशकात सीलांनी ती जागा पिलांसाठी पसंत केली. मुलांचा हक्क मोठा की सीलांचा, यावर वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले. आता १५ डिसेंबर ते १५ मे हा विणीचा काळ किनारा माणसांना बंद असतो आणि एरवी खुला. दोन्ही पक्षांचे पुरते समाधान या तोडग्याने झालेले नाही. परंतु वर्षाची वाटणी करून का होईना, दोघांनाही जागा उरली, हे मला थोडे वाटत नाही.

तिकडे जाणाऱ्या वाचकांनी दुर्बीण अवश्य जवळ ठेवावी. प्राण्यांपासून निदान पन्नास यार्ड, म्हणजे सुमारे पंचेचाळीस मीटर अंतर राखावे, असे तिथले शासन सांगते. आमच्या बोटीच्या कप्तानाने यंत्र मंद केले आणि बोयाला मोठा वळसा घातला. एका प्रवाशाने आणखी जवळ नेण्याची विनंती केली, तेव्हा त्याने हसून नकारार्थी मान हलवली. पाचांपैकी एकाने डोळा किलकिला करून आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा मान शेजाऱ्याच्या पाठीवर टाकली. बोटीवरचे आम्ही सारेही नकळत हलक्या आवाजात बोलू लागलो होतो.