काकांचे कॅव्हेट

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. वडील गेल्यावर वाटणीचा वाद निघाला आणि तेव्हापासून काकांकडे सोने द्यायला जाणे आम्ही सोडले होते. त्या वर्षी काकांकडूनच काहीतरी आले. पोस्टमनने एक रजिस्टर पाकीट माझ्या हातात ठेवले. दोन घरांमध्ये परसाची वीस पावले. पण काकांचा कागद तालुक्याला वळसा घालून आला होता.

आत वकिलाची नोटीस होती. तिच्या मथळ्यातला एकच शब्द अंगावर आला : कॅव्हेट.

"काय म्हणतात रे भाऊजी?" आईने विचारले.

माझे शिक्षण मॅट्रिकला थांबलेले. तरी मी मास्तर, त्यात कादंबऱ्या लिहिणारा. घरात शब्दांचा जाणकार मीच. कोश उघडला. शब्द लॅटिन, अर्थ 'त्याने सावध असावे'.

"म्हणजे धमकीच की!" आई म्हणाली. मलाही तसेच वाटले. काकांनी परसात भिंतीसाठी दगड आणून टाकले होते आणि ती भिंत आमच्या जागेत येते म्हणून आम्ही कोर्टाकडून मनाई आणण्याच्या बेतात होतो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून वकिलांकडे गेलो. माझा चेहरा पाहून ते हसले. "मास्तर, लॅटिनला घाबरायचं नसतं. ती शब्दांची कोट-टोपी. आत माणूस साधाच असतो." आणि त्यांनी एकेकाची टोपी काढून दाखवली. ॲलिबाय म्हणजे नुसते 'दुसरीकडे'. गुन्हा झाला तेव्हा मी दुसरीकडे होतो, एवढेच. सायनी डाय म्हणजे 'दिवस न नेमता'. हेबियस कॉर्पस म्हणजे कोंडलेल्या माणसाला 'देहानिशी हजर कर'. खुद्द इंग्लंडात १९९९ च्या दिवाणी नियमांनी असल्या बऱ्याच शब्दांना रजा दिली. आपल्या कोर्टांत ते अजून नांदतात. मला गंमत वाटली. वकील, दावा, तारीख हे शब्दही अरबी-फारसीतूनच आलेले. पण ते आपल्या ओसरीवर मांडी घालून बसले. लॅटिन अजून पाहुण्यासारखे उभेच.

"आणि कॅव्हेट?" मी विचारले.

"ती धमकी नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं १४८-अ कलम, १९७६ च्या दुरुस्तीनं आलेलं. तुम्ही मनाई मागायला जाल हे काकांनी ओळखलं. म्हणून कोर्टाला आधीच सांगून ठेवलं, की माझं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका. नव्वद दिवस चालतं ते. सावध व्हायचं ते हुकूम देणाऱ्यानं."

मग त्यांनी आणखी एक सूत्र सांगितले : ऑडी आल्टेरम पार्टेम. दुसऱ्या बाजूचेही ऐका. केंब्रिज विद्यापीठाने बेंटली नावाच्या पंडिताच्या पदव्या, त्याचे म्हणणे न ऐकताच, काढून घेतल्या होत्या. १७२३ साली न्यायालयाने त्या परत द्यायला लावल्या. तेव्हा एक न्यायमूर्ती म्हणाले, की प्रत्यक्ष परमेश्वरानेसुद्धा आदमला शिक्षा देण्यापूर्वी बोलावून विचारले होते.

एस. टी.त बसल्यावर ते वाक्य मनातून जाईना. वर्गात दोन मुले भांडली, तर मी दोघांनाही समोर उभे करतो. "आता तू सांग," असे दुसऱ्याला म्हटल्याशिवाय छडीकडे पाहतही नाही. आणि घरी? रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर काकांचा खटला चाले. फिर्यादी आम्ही, साक्षीदार आम्ही, न्यायाधीशही आम्हीच. रोजचा निकाल एक्स पार्टी. एकतर्फी!

घरी पोचलो तो तसाच परसातून काकांकडे गेलो.

"ये. नोटीस पोचली वाटतं," काका म्हणाले.

"काका, भिंत कशासाठी घालताय?"

ते काही बोलले नाहीत. मागच्या दाराशी घेऊन गेले. दारापासून न्हाणीघरापर्यंत एक दोरी बांधलेली होती, आणि तिला धरून काकू एकेक पाऊल टाकत येत होत्या.

"काचबिंदू. डाव्या डोळ्याचं संपलं. उजव्यानं नुसत्या सावल्या," काका हलक्या आवाजात म्हणाले. "दोरी हलते, मग ती घाबरते. भिंत असली तर हात टेकून जाईल."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलंस आज."

काकूंनी आवाजावरून मला ओळखले आणि "चहा घेतल्याशिवाय जाऊ नको हो," म्हणाल्या. चहा घेताना मला वर पाहवेना.

आम्ही कोर्टात गेलो नाही. नव्वद दिवस केव्हा उलटले ते कळलेही नाही. वाद मिटला असे मात्र म्हणणार नाही. टेप लावून पाहिले. भिंत एक हात आमच्या बाजूला आली आहे. तो हिशेब अजून राहिलाच आहे.

कमरेएवढी ती भिंत दिवाळीच्या आत उभी राहिली. नरकचतुर्दशीच्या पहाटे उठलो, तर आई तिच्यावर पणत्या मांडत होती. अगदी आमच्या बाजूच्या कडेला, एकाखाली एक पडतील की काय, इतक्या.

"आई, जरा आत सरकव की," मी म्हणालो.

"नको," आई म्हणाली, "तिचा हात असतो तिकडून."