आधी पाणी, मग भट्टी

भट्टी घ्यायला येणारा माणूस बहुतेक वेळा मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतो. लखलखीत तांबं, उंच मान, मनोऱ्यावर ओळीने गोल काचेच्या खिडक्या आणि शेजारी ॲप्रन घातलेला कोणी दाढीवाला. "अश्शीच हवी. पाचशे लिटरची. किती होतील?" मी विचारतो, "मे महिन्यात तुमच्याकडे टाकीतलं पाणी किती अंशांचं असतं?" हा गृहस्थ विषय बदलतोय, असा भाव समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटतो.

विषय तोच असतो. साखर कारखान्यांच्या मोठ्या डिस्टिलऱ्यांमध्ये उमेदवारी करून मी लहान भांड्यांकडे वळलो. जिन, ब्रँडी, काजू, मोह असं थोडं थोडं आणि नीट गाळू पाहणाऱ्यांसाठी भट्ट्या आखणं आणि उभ्या करून देणं हा आता माझा धंदा आहे. आगीची हौस सगळ्यांना असते. बर्नर कुठला, बॉयलर केवढा, यावर तास तास बोलणं होतं. पण जितकी उष्णता भट्टीत घालाल, तिच्यातली बरीचशी दुसऱ्या टोकाला काढून घ्यावी लागते, आणि ती नेणार कोण, तर पाणी. याचा हिशेब कोणी घालत नाही.

हिशेब सोपा आहे. पाचशे लिटर आंबवलेला रस, त्यात आठ टक्के अल्कोहोल. पंचवीस अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ३७ युनिट लागतात. पुढे त्यातून पंचवीस टक्क्यांचं दीडशे लिटर पहिलं गाळप काढायचं तर वाफ करण्यासाठी आणखी ८० युनिट. ही वाफ परत द्रवात आणून निववायची म्हणजे ९० युनिट उष्णता पाण्याच्या गळ्यात टाकायची. पाणी तीस अंशांचं आत गेलं आणि साठ अंशांचं बाहेर आलं, तर एका घाण्याला अडीच हजार लिटर लागतं. दिवसाला दोन घाणे आणि गावाला टँकर, असं असेल तर खिडक्यांचा मनोरा शोभेलाच राहतो.

शिवाय पाणी नुसतं असून भागत नाही, ते थंड लागतं. युरोपातल्या कॅटलॉगमधला कंडेन्सर दहा-पंधरा अंशांचं पाणी धरून आखलेला असतो. गोव्यातल्या एका नव्या डिस्टिलरीत मला ऐन मे महिन्यात बोलावणं आलं. यंत्र परदेशी, देखणं, कामात कुठे बोट ठेवायला जागा नाही. पाण्याची काळी टाकी मात्र गच्चीवर, उन्हात. आत जाणारं पाणी ३६ अंशांचं. धारेखाली बोट धरलं तर कोमट लागत होतं आणि खोलीत शिरताच डोळे चुरचुरत होते. पहिल्या धारेत ॲसिटाल्डिहाइड असतं आणि ते विसाव्या अंशालाच उकळतं. छत्तीस अंशांचं पाणी त्याला काय अडवणार? ते खोलीत पसरत होतं आणि सोबत थोडं अल्कोहोलही नेत होतं. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते, आणि हवेत तिचं प्रमाण सव्वातीन टक्क्यांवर गेलं की ठिणगीची वाट बघत बसते.

दुसरी गंमत तिथल्या वहीत होती. अल्कोहोल मोजायची काचेची तरंगती नळी वीस अंशांसाठी आखलेली असते. पस्तीस अंशांच्या धारेत ती सोडली की साठ टक्क्यांचा माल पासष्टचा दिसतो. पहिली धार कुठे तोडायची, मधली कुठे संपवायची, शेपूट कुठून धरायची, हे तिथलं भट्टी चालवणारं पोरगं त्याच आकड्यांवर ठरवत होतं. उन्हाळ्यातला माल हिवाळ्यातल्यापेक्षा वेगळा का लागतो, याचा शोध मालक मसाल्यांमध्ये घेत होते.

कूलिंग टॉवर लावा, असं सगळेच सांगतात. पण टॉवर पाणी थंड करतो ते बाष्पीभवनाने, म्हणजे हवा किती कोरडी यावर सगळं अवलंबून. एप्रिलमध्ये पुण्या-नाशकात पारा एकोणचाळीसवर असला तरी कोरड्या हवेमुळे टॉवरचं पाणी पंचविशीत उतरू शकतं. गोव्यात, कोकणात पारा तेहतीसचाच, पण हवा दमट. तिथे टॉवर तिशीच्या खाली येत नाही. म्हणून किनाऱ्यावर मी काम दोन टप्प्यांत वाटतो. वाफेचं पाणी करण्याचा जड भार टॉवरच्या पाण्यावर, आणि शेवटी धार वीस अंशांवर आणायला एक छोटा वेगळा कूलर, त्याला चिलरचं पाणी. या दुसऱ्या कामाला टनभराचा चिलर पुरतो, घरातल्या एसीएवढा. सगळाच भार चिलरवर टाकणारे विक्रेते भेटतात. विजेचं बिल त्यांना भरायचं नसतं.

फेणीवाल्यांना हे आधीपासून ठाऊक आहे. जुन्या पद्धतीत चुलीवरच्या भाणातून नळी निघते ती लावणीत, म्हणजे मातीच्या मडक्यात, आणि त्या मडक्यावर सतत गार पाणी ओतत बसायला एक माणूस लागतो. जाळ घालणाऱ्याइतकंच त्याचं काम मोलाचं. भाणाच्या तोंडाची सांध वारुळाच्या मातीने लिंपतात. ही माती फट राहू देत नाही, आणि दाब वाढलाच तर भाणाच्या आधी ती सुटते. मी गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वेगवेगळे विकत घेतो. पुढे मडक्याच्या जागी पाण्याच्या टाकीत बुडवलेलं वेटोळं आलं. पहिल्या गाळपाचा उर्राक, आणि तो नव्या रसात मिसळून पुन्हा गाळला की चाळीस-बेचाळीस टक्क्यांपर्यंत पोचणारी फेणी. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला. तरीही नव्या पिढीतला एखादा फेणीवाला मला विचारतो, जर्मन मनोरा बसवू का? मी नको म्हणतो. मनोऱ्यातल्या प्रत्येक थाळीवर वाफ पुन्हा द्रव होते, पुन्हा उकळते आणि दर वेळी जास्त निर्मळ होते. काजूच्या बोंडाचा तो उग्र दरवळ हीच ज्याची मिळकत, त्याने तो धुऊन टाकायला वीस लाख का घालावेत? मोहाचंही तसंच. जिनवाल्याचं उलट वाटेल, पण थाळ्या त्यालाही लागत नाहीत. आपल्याकडे तो बहुतेक वेळा ९६ टक्क्यांचं तयार ईएनए (एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल) विकत घेतो आणि जुनिपर घालून पुन्हा गाळतो. निर्मळ करायचं काम कारखान्याच्या मनोऱ्यात आधीच उरकलेलं असतं.

कंडेन्सर चवीचाही भाग असतो, हे स्कॉटलंडमध्ये डॅलव्हिनी व्हिस्कीच्या मालकांनी पैसे मोजून अनुभवलं. तिथे वाफ लाकडी टाक्यांतल्या तांब्याच्या वेटोळ्यांत निवायची. १९८६ मध्ये त्या काढून आटोपशीर, अनेक नळ्यांचे कंडेन्सर बसवले. भट्ट्या त्याच, पाणी तेच, पण दारू हलकी झाली. १९९५ मध्ये टाक्या परत आल्या. कारण तांबं. वाफेतली गंधकाची घाण तांबं धरून ठेवतं. अनेक नळ्यांत वाफेला तांबं जास्त भेटतं, वेटोळ्यात कमी, म्हणून वेटोळ्याचा माल अंगाने भरलेला.

भट्टीचा आकार नेहमी चवीनेच ठरतो असं मात्र नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या सखल भागात भट्टीच्या मापावर कर होता. गाळणाऱ्यांनी मग परातीसारख्या उथळ, पसरट भट्ट्या केल्या आणि एकेक घाणा काही मिनिटांत काढू लागले. ग्लेनमोरँजी व्हिस्कीच्या भट्ट्यांच्या पाच मीटरहून उंच मानांचं आज केवढं कौतुक होतं, पण सुरुवातीच्या भट्ट्या लंडनच्या जिनवाल्यांकडून जुन्या म्हणून घेतलेल्या होत्या. आणि २००९ मध्ये लंडनच्या सिपस्मिथ या जिनवाल्यांना तीनशे लिटरच्या भट्टीसाठी भांडावं लागलं, कारण १८०० लिटरखालच्या भट्टीला परवाना नाही असा तिथल्या करखात्याचा दंडक होता. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली, दारू गाळण्यासाठी विनापरवाना भट्टी नुसती जवळ बाळगणंही गुन्हा आहे. म्हणून परवान्याचा कागद पाहिल्याशिवाय मी पत्रा कापत नाही.

आणि हा पत्रा इथेच घडवता येतो. पुण्याच्या तांबट आळीत पेशवाईपासून मठारकाम चालत आलंय. ज्या हातांनी बंब केले, त्यांना भट्टीचा कांद्यासारखा फुगीर माथा शिकवावा लागत नाही. तीन मिलिमीटरचा पत्रा, लाल ताव देऊन मऊ केलेला, हातोडीखाली हळूहळू फिरत राहतो. प्रत्येक ठोक्याने तो ताठ होत जातो, फार ताठला की आवाज बदलतो आणि कारागीर न बघता तो पुन्हा तावाला टाकतो. जाडी मोजायचं माझं यंत्र नंतर जे सांगतं ते त्याच्या कानाला आधीच कळलेलं असतं. वाद दोनच गोष्टींवर होतात. एक डाकेचा. शिशाचा अंश असलेली डाक दारूच्या वाटेत कुठेच चालत नाही. शिवणी टिग वेल्डिंगच्या, नाहीतर चांदीच्या झाळकामाच्या, तेही कॅडमियमविना. दुसरा वाद, "साहेब, आतून कल्हई करून देऊ?" तांब्यात आंबट ठेवू नये हे त्यांच्या हाडात भिनलंय. पण कल्हई केली की तांबं वाफेला भेटणारच नाही, मग तांब्याचे पैसे कशाला घालायचे?

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहेच. आंबवलेला रस आंबटच असतो आणि तो तळाचं तांबं खातो. म्हणून बजेट बेताचं असेल तर मी खालचं भांडं स्टेनलेस स्टीलचं करतो आणि तांबं वर, वाफेच्या वाटेत घालतो. माथा, मान, कंडेन्सरचा पहिला टप्पा. तांबं उष्णता स्टीलच्या वीस-पंचवीसपट चांगली नेतं हे खरं, पण वाफेचं जॅकेट असलेल्या लहान भांड्यात त्याने फार अडत नाही. लाकडाच्या जाळावर गाळायचं असेल तर मात्र तळ तांब्याचाच हवा, आणि जाड. मानेचं तांबं पुढे वर्षागणिक झिजत जातं, तेव्हा मान वेल्ड करून टाकू नका, फ्लँजने जोडा. नाहीतर मानेसाठी माथा कापावा लागतो.

आणखी एक वस्तू, जी फोटोत कधी दिसत नाही. घाणा संपला, झडपा बंद आहेत, भांडं वाफेने भरलेलं आहे, आणि कोणी घाईने आत गार पाण्याचा फवारा सोडला. वाफ क्षणात आक्रसते आणि बाहेरची हवा चौरस मीटरला दहा टनांच्या हिशेबाने चढून बसते. मठारलेलं तांबंही तिथे कागदासारखं चुरगळतं. हवा आत घेणारी एक झडप, किंमत काही हजार रुपये, हे टाळते. कोटेशन कमी करा म्हटलं की काही फॅब्रिकेटर नेमकी तीच गाळतात.

राहिला चोथा, म्हणजे गाळून उरलेलं साडेतीनशे लिटर उकळतं, आंबट पाणी. ते ओढ्यात सोडलं तर ओढ्यातला प्राणवायू संपतो. पण त्यातली उष्णता फुकट असते. कोन्यॅकवाले निघत्या वाफेची नळी पुढच्या घाण्याच्या वाइनमधून नेतात. वाइन आयती तापते आणि कंडेन्सरचं ओझं हलकं होतं. आपणही पुढचा रस उरलेल्या गरम पाण्याच्या किंवा वाफेच्या उष्णतेवर पंचवीसवरून साठ अंशांवर नेला, तर तापवायची जवळजवळ निम्मी वीज वाचते, आणि वाफेच्या मार्गाने नेला तर पाणीही. त्यासाठी एक टाकी, एक वेटोळं आणि नकाशावर दोन बाय दोन मीटरची जागा लागते. चोथा निवायची टाकी निराळी, आणि ती भट्टीपेक्षा मोठी. शेडचं भूमिपूजन होण्याआधी या दोन टाक्या कागदावर आणा, खिडक्यांचं आपण नंतर बघू.