तितूरकाठची साक्ष

खानदेशास समुद्र नाही. आमची तापी सुरतेपलीकडे जाऊन सागरास मिळते खरी. परंतु ज्यांनी जन्मभर गिरणेचे किंवा पांझरेचे पाणी प्यायले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी तो संगम कधी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. असे असता २०२१ सालच्या नोव्हेंबरात, ग्लासगो येथे जागतिक हवामान परिषद भरली असताना, तुवालू नामक चिमुकल्या द्वीपराष्ट्राचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे हे कोट व टाय परिधान करून, विजारीचे पाय वर दुमडून, एके काळी कोरडी भूमी असलेल्या जागी गुडघाभर समुद्राच्या पाण्यात उभे राहून भाषण करीत आहेत, असे छायाचित्र वृत्तपत्रात पाहिले, तेव्हा ते दूरदेशीचे मला मुळीच वाटले नाही. कारण आमच्या चाळीसगावच्या नदीकाठच्या घरांच्या भिंतींवर ऑगस्टअखेरच्या पुराचा गाळ त्या वेळीही वाळून चिकटलेला होता.

३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटेची ती गोष्ट. चाळीसगावच्या दक्षिणेस गौताळ्याच्या डोंगररांगेवर रात्रभर अतोनात पर्जन्य झाला. पाटणादेवीकडून येणारी डोंगरी आणि गावातून वाहणारी तितूर या दोन्ही नद्या एकाच वेळी पात्र सोडून गावात व शिवारात शिरल्या. कन्नडच्या घाटात दरडी कोसळून मार्ग बंद झाला. आणि दावणीला बांधलेली शेकडो जनावरे, ज्यांचे दावे सोडण्याइतकाही अवसर त्यांच्या धन्यांना मिळाला नाही, ती जागच्या जागी किंवा वाहत जाऊन मेली. नदीकाठच्या वस्त्या काही तास चहूबाजूंनी पाण्याने वेढल्या गेल्या, आणि ज्यांनी सागर कधी पाहिला नव्हता, त्यांना बेटावर राहणे म्हणजे काय याचा अनुभव आला.

मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला मनुष्य. छायाचित्रणाचा नाद मात्र बाळपणापासूनचा, आणि त्याचे कारण केकी मूस. रेल्वे स्थानकाजवळच्या त्यांच्या दगडी बंगल्यात, मेजावर वाळू, काड्या, कापूस असल्या क्षुद्र वस्तू मांडून, दिव्याच्या प्रकाशात त्यांतून वाळवंटे आणि हिमशिखरे निर्माण करणाऱ्या त्या कलावंताने, १९८९ साली निधन पावेपर्यंत, आयुष्याची कित्येक दशके जवळजवळ घराबाहेर पाऊल न टाकता काढली. त्यांची ती चित्रे पाहून प्रकाशाचे मोल मला कळले. मला स्वतःला मात्र उंबऱ्याबाहेरचे जग, आणि त्यातही नदीचा काठ, अधिक ओढ लावीत आला.

पूर ओसरल्यावर मी कॅमेरा घेऊन काठाकाठाने हिंडलो. मोडलेली घरे, चिखलात रुतलेल्या बैलगाड्या, आडवे झालेले ऊस आणि केळी यांची चित्रे मी काढली, मित्रांनी ती भराभर सर्वत्र पोहोचविली, आणि त्यांमुळे धान्य, कपडे, चारा यांची मदतही आली. दयेला मी कमी लेखीत नाही. पण पुढच्या पोळ्याला गावात बैल किती उरले याची विचारपूस करावयास त्या दयाळूंपैकी कोणी आले नाही. विध्वंसाचे एकटे चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणते; परंतु पाहणारा त्याविषयी काय करू शकतो, हे त्या चित्रात नसते.

या विचाराला वळण दिले ते एका वृद्ध मावशींनी. त्यांच्या गोठ्यातली सर्व जनावरे गेली होती. मी कॅमेरा उचलताच त्यांनी हाताने थांबविले, घरात गेल्या, तोंड धुऊन, लुगडे नीट करून बाहेर आल्या, आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेजवळ ताठ उभ्या राहून त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या, “आते काढ.” रेघ त्यांच्या कपाळाच्याही वर होती. त्या चित्रात रडणे नव्हते, याचना नव्हती. तुवालूच्या मंत्र्याने जे केले तेच, कोणी न सांगता, त्या माउलीने केले होते, आणि मंत्र्यांचे ते चित्र वृत्तपत्रात येण्यापूर्वी कित्येक आठवडे केले होते.

त्यानंतर मी हीच रीत धरली. ज्याचे घर, त्याची अनुमती घ्यावयाची. त्यानेच पुराची खूण दाखवीत उभे राहावयाचे. चित्राच्या पाठीवर गाव, जागा, तारीख आणि खुणेची उंची लिहावयाची. आणि पुढे दर उन्हाळ्यात व दर पावसाळ्यात त्याच जागेवरून, त्याच दिशेने पुन्हा चित्र घ्यावयाचे. हे सुचण्यास धुळ्याचे संस्कार कारण झाले. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड सिद्ध केले, ते खेडोपाडीच्या दप्तरांतील आणि माळ्यावरच्या रुमालांतील मूळ कागद शोधून. १९२६ साली धुळ्यास त्यांचे देहावसान झाल्यानंतर लगेच, १९२७ साली, तेथे स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात ते कागदांचे वैभव मी विद्यार्थिदशेत पाहिले होते. मिती आणि ठिकाण नसलेला कागद इतिहासकारास पांगळा वाटतो; तारीख आणि ठिकाण नसलेले छायाचित्रही तसेच पांगळे.

सरकारदरबारचा अनुभवही हेच शिकवितो. नैसर्गिक आपत्तीनंतर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात, आणि नुकसानभरपाई सर्वस्वी त्या पंचनाम्यावर अवलंबून राहते. २०२१ साली पीकविम्याचा नियम असा होता की गारपीट किंवा पुराने शेत गेले तर ७२ तासांच्या आत खबर दिली पाहिजे. आणि ज्या कुळाच्या घरात अजून चिखल उपसणे चालू होते, त्यास तीन दिवसांचा तो अवधी केवढा तोकडा वाटला, हे ज्याने पाहिले त्यालाच कळेल. रावेर–यावलच्या केळीबागांची कथा आणखी निराळी. तिथल्या हवामान आधारित फळपीक विम्यात तापमानाचा किंवा वाऱ्याचा निकाल महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवरून लागतो. बाग कितीही भुईसपाट झालेली असो, केंद्राच्या यंत्राने वारा नोंदला नसेल तर बागाईतदाराची कैफियत ऐकणारा कोणी नसतो. अशा वेळी एकाच बांधावरून घेतलेली, तारखा असलेली चित्रांची मालिका भरपाई मिळवून देईलच असे नाही. परंतु केंद्राची नोंद आणि बागेतील वस्तुस्थिती यांत किती अंतर आहे आणि अशा केंद्रांची संख्या वाढविणे का अगत्याचे आहे, हे ती निर्विवाद दाखविते.

पुढे मी डोंगरपायथ्याच्या एका गावी, ग्रामसभेच्या दिवशी, शाळेच्या पडवीत दोरी बांधून ही चित्रे टांगली. एक आप्पा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, फोटू काढीसन पानी थांबी का?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना उत्तर दिले नाही. दोन चित्रे शेजारी आणून लावली. एकात आमचा उघडाबोडका उतार, गवताचे पान नाही, पावसाचा थेंब पडताच माती घेऊन सुटणारा. दुसऱ्यात साक्री तालुक्यातील बारीपाडा. १९९० नंतरच्या दशकात या पाड्याच्या लोकांनी, चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वतःवर लादून घेतली, नियम मोडणाऱ्यास दंड बसविला, आणि सुमारे ४४५ हेक्टर जंगल पुन्हा उभे केले; ज्या विहिरी पूर्वी उन्हाळ्याआधीच आटत, त्या शेजारच्या गावांना पाणी देऊ लागल्या. पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. आप्पांनी दोन्ही चित्रे पुन्हा निरखली आणि एवढेच म्हणाले, “आते माले समजनं.”

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. एखाद्या पुरास केवळ हवामानबदल जबाबदार धरणे हे सत्यास सोडून होईल. नाल्यांत झालेली बांधकामे, बोडके झालेले डोंगर, अरुंद केलेली पात्रे, ही आपलीच करणी होय. परंतु हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, म्हणजे जो पाऊस पूर्वी हळूहळू पडला असता तो एका रात्रीत कोसळण्याचा संभव वाढतो, हेही भौतिकशास्त्र आहे. आणि ज्या धुरामुळे तुवालूच्या किनाऱ्यावर समुद्र चढतो, त्याच धुरामुळे गौताळ्यावरचा ढग जड होतो. म्हणून माझ्या दोरीवर भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्राची धुरांडी आहेत, आणि साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पठारावरील पवनचक्क्याही आहेत. दोन्ही खानदेशातच आहेत. ज्या धुरांड्यांच्या विजेवर आमचे पंप चालतात त्यांची निंदा करून मी मोकळा होऊ इच्छीत नाही. त्या विजेची जागा वाऱ्याने आणि सूर्याने लवकर घ्यावी, एवढीच माझी मागणी आहे.

आणि खानदेशात बेटेही आहेत, याचे स्मरण आम्हांस क्वचित होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील नर्मदाकाठची ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात आली, आणि त्यांतील काही पाडे पाण्याने वेढलेल्या टेकड्यांवर उरले, जिथे औषध, शिधा आणि शिक्षक नावेने जातात. त्या पाण्याचे कारण धरण आहे, हवामान नव्हे. पण आपली भूमी बुडाल्यावर माणसाचे हक्क कोणत्या कागदावर टिकतात, हा तेथील प्रश्न उद्या सुंदरबनात आणि लक्षद्वीपात विचारला जाणार आहे.

डोंगरपायथ्याच्या त्या ग्रामसभेत पुढे जे घडले त्याची फुशारकी मी मारणार नाही. काम थोडे आहे आणि अजून चालू आहे. जलसंपदा खात्याने आखलेल्या पूररेषांत निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. या रेषा दप्तरातील नकाशात राहतात आणि गावकऱ्याच्या दृष्टीस कधी पडत नाहीत. त्या गावाने ठराव केला की २०२१ च्या पुराची खूण शाळेच्या, समाजमंदिराच्या व देवळाच्या भिंतीवर रंगवावयाची, आणि वरच्या उतारावर चराईबंदी करावयाची. खुणा रंगविल्या गेल्या. चराईबंदीवरून तंटे झाले, काही मेंढपाळांशी बोलणी अद्याप चालू आहेत. तरी गेल्या पावसाळ्यानंतर त्या उतारावर गुडघाभर पवना गवत उभे होते, आणि ते चित्र आता दोरीवर आहे.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचे चित्र मिळाले ते मी काढलेलेच नाही. गिरणाकाठच्या एका घरात एका बाबांनी ट्रंकेतून आपल्या लग्नाचा फोटो काढून दाखविला. ऐन वैशाखातले लग्न. वऱ्हाडाच्या मागे नदीचा डोह काठोकाठ भरलेला, त्यावर करंजाची दाट राई, पाण्यात म्हशी. ते चित्र घेऊन आम्ही दोघे त्याच जागी गेलो. वाळूउपशाचे खड्डे, कोरडी शिळा आणि दूरवर एकुलते एक करंजाचे झाड. बाबा ते झाड ओळखून त्याच्याकडे बोट दाखवीत उभे राहिले. साठ वर्षांपूर्वी नदी कशी होती, याचा याहून सबळ पुरावा कोणत्या कचेरीत असेल? लग्नाचे फोटो काढणाऱ्याने नवरा-नवरीकडे पाहिले. नदी आपोआप त्यात येऊन राहिली.

म्हणून तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर, तितूर यांच्या काठी राहिलेल्या प्रत्येक कुटुंबास माझी विनंती आहे. आपल्या घरातील जुन्या चित्रांत, लग्नात, जत्रेत, शाळेच्या सहलीत, कोठे नदी, विहीर, डोंगर किंवा शिवार दिसत असेल, तर त्याच्या पाठीवर गाव, जागा आणि साल आजच लिहून ठेवा, कारण ते सांगणारी वडीलधारी मंडळी आज आहेत. त्याची एक प्रत गावच्या शाळेला किंवा ग्रंथालयाला द्या. आणि येत्या मे महिन्यात घरातील एखाद्या मुलाला त्याच जागी नेऊन, त्याच दिशेने, तारीख घालून नवे चित्र काढावयास सांगा. ग्रामसभेच्या दिवशी ती दोन्ही चित्रे घेऊन या.