वाट कोणी द्यावी?

स्मरणिकेत शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या यशाविषयी लिहावे, असा संकेत आहे. मी मात्र माझ्या एका चुकीविषयी लिहिणार आहे. ती चूक आपल्याच वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने पाहिली होती, आणि ज्या रस्त्यावर ती घडली त्या रस्त्यावरून आपण सारेच ये-जा करतो.

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्यावर दुचाकी, तीनचाकी आणि पादचारी यांना प्रवेश नाही. त्यामुळे पळस्पे फाट्याहून कोनकडे येणारा जुना महामार्ग हाच साऱ्यांचा रस्ता आहे. बंदराकडे जाणारे कंटेनर, एसटी, रसायनीच्या कारखान्यांच्या बसगाड्या, रिक्षा, गोदामांत कामाला जाणाऱ्यांच्या मोटारसायकली, सायकली आणि कडेने चालणारी माणसे एकाच डांबरी पट्ट्यावरून जात असतात. पावसाळ्यात खड्डे पडले की तो पट्टाही अरुंद होतो.

अशाच एका पावसाळी सकाळी सातवीतील एका मुलाला दाखवण्यासाठी मी पनवेलच्या दवाखान्यात नेत होतो. तो माझ्या मोटारसायकलवर मागे, माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला होता. कोन फाट्याजवळ एका कंटेनरने आम्हांला पार कडेला दाबले. मागून एका मोटारीने कर्कश हॉर्न वाजवीत ओव्हरटेक केले आणि चालकाने काच खाली करून मला शिवी दिली. मी गप्प राहिलो. पुढे शंभर पावलांवर एक वृद्ध सायकलस्वार उलट दिशेने कडेकडेने येत होता. हँडलला जेवणाचा डबा टांगलेला होता. खड्डा चुकवताना तो माझ्यासमोर आला. मी ब्रेक दाबला आणि ओरडलो, "रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?"

तो काही बोलला नाही. सायकलवरून उतरला, ती घेऊन कडेच्या चिखलात उभा राहिला आणि मान खाली घालून त्याने मला वाट करून दिली.

आम्ही पुढे निघालो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की मुलाने माझ्या खांद्यावरचा हात काढून सीटमागची कडी धरली आहे.

त्या वृद्धाचे ते उतरणे मी पूर्वी पाहिले होते. माझे आजोबा गावच्या रस्त्याने जाताना समोरून पाटलाची गाडी आली की असेच खाली उतरून, मान घालून उभे राहत. घरी आल्यावर ते कोणाशी बोलत नसत. त्यांचा नातू इतिहासात एम.ए. झाला, शिक्षक झाला, आणि त्याने एका श्रमिकाला तसेच चिखलात उभे केले.

रस्ता कोणाचा, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. १९२९ साली बाबासाहेब शासकीय समितीच्या कामानिमित्त खानदेशात गेले होते. चाळीसगावी त्यांना स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने घेऊन वस्तीतीलच एकाने तो हाकला. त्याला सराव नव्हता. वाटेत एका मोटारीशी टक्कर होता होता टळली आणि पुढे नदीवरील पुलावर चाक अडकून बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये ही हकीकत सांगताना त्यांनी टांगेवाल्याच्या प्रतिष्ठेवर नेमके बोट ठेवले आहे. हलके काम करणारा तो माणूसही बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजत होता.

पळस्प्याहून सुटणारा गोव्याचा रस्ता महाडला जातो. तेथे १९२७ साली सार्वजनिक तळ्यावरील हक्क बजावला गेला. पुढे संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्याबरोबर 'रस्ते' हा शब्दही आला. माझ्या त्या उर्मट प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. रस्ता कोणाच्याही बापाचा नाही, म्हणूनच तो सर्वांचा आहे.

रस्त्यावरील राग खालच्या दिशेने वाहतो. कंटेनर मोटारीला दडपतो, मोटार दुचाकीला आणि दुचाकी सायकलला. वरून मिळालेला अपमान प्रत्येक जण गिळतो आणि आपल्याहून दुबळा दिसताच ओकतो. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ते येथे आठवल्याशिवाय राहत नाही. ही तुलना फार ताणू नये, हे मी जाणतो. वाहन बदलता येते, आजोबांना जात बदलता येत नव्हती. तरीही, मला शिवी देणाऱ्या मोटारवाल्याला मी काहीच बोललो नाही आणि सायकलवाल्यावर ओरडलो, हे खरे आहे. तो उलट दिशेने येत होता, ही त्याची चूक होती. पण माझा राग त्या चुकीचा नव्हता. तो मोटारवाल्याकडून आलेला उसना राग होता.

राजोवाद जातकात नेमका असाच प्रसंग आहे. एका सखल, अरुंद वाटेवर वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त आणि कोसलचा राजा मल्लिक यांचे रथ समोरासमोर येतात. वाट कोणी द्यावी, यावरून सारथ्यांत वाद होतो. वय, राज्य, सैन्य, संपत्ती, जात, गोत्र, कुळ, साऱ्याची तुलना होते आणि सारे समसमान निघते. शेवटी शील विचारले जाते. कोसलचा राजा कठोराशी कठोर आणि मृदूशी मृदू वागतो. वाराणसीचा राजा मात्र दुसऱ्याच्या क्रोधाला क्रोधाने उत्तर देत नाही. हे ऐकताच कोसलचा राजा आपल्या सारथ्यासह खाली उतरतो, घोडे सोडतो आणि रथ बाजूला घेऊन वाट देतो.

ही कथा मी वर्गात अनेकदा सांगितली होती. वाट देणे आणि वाट द्यावी लागणे यांतील अंतर मला कोन फाट्यावर कळले. मल्लिक राजा समजून उतरला, त्याने त्याची उंची कमी झाली नाही. तो वृद्ध भयाने उतरला, त्याने माझी कमी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनेनंतर मी साऱ्या मुलांसमोर घडले ते सांगितले. रोज शील ग्रहण करणाऱ्या तोंडातून सम्यक वाचा सुटली, हे कबूल केले. तो मुलगा तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याने वर पाहिले नाही, आणि मीही त्याला काही विचारले नाही. त्या वृद्धाला मी पुढे कित्येक सकाळी फाट्यावर शोधले. तो भेटला नाही.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी अनेक जण उद्या वाहन चालवाल. काही जण उपजीविकेसाठी चालवाल. तुमच्यापेक्षा मोठे वाहन तुम्हांला दाबेल, तेव्हा तुमचा हक्क जरूर सांगा. पण त्यानंतर जो पहिला सायकलस्वार किंवा पादचारी समोर येईल, त्याच्याजवळ वेग कमी करा. त्याला चिखलात उतरावे लागणार नाही, एवढी जागा सोडा.

त्यानंतर कधीतरी पुन्हा त्याच मुलाला घेऊन मी पनवेलला गेलो. फाट्याजवळ डोक्यावर भारा घेतलेली एक बाई रस्ता ओलांडत होती. मी थांबलो. मागे हॉर्न वाजत राहिले. ती पलीकडे पोहोचली, मी गाडी सुरू केली, तेव्हा खांद्यावर हाताचा भार जाणवला.