सेकंडवर

पुण्याहून नगरला ई-शिवाईनं निघालो होतो. तिकिटावर आता अहिल्यानगर असतं, तोंडात अजून नगरच येतं. जागा मिळाली ती ड्रायव्हरच्या मागं, थोडी तिरकी, त्यामुळे त्याचे पाय दिसत होते. वाघोलीची गर्दी सुटेपर्यंत माझं काही लक्ष नव्हतं. शिक्रापूरच्या अलीकडं एक गतिरोधक आला आणि ड्रायव्हरचा उजवा पाय ब्रेकवर गेला. ते ठीकच. पण त्याच क्षणी डाव्या पायाचा चवडाही खाली दाबला गेला. तिथं दाबण्यासारखं काही नव्हतं. रबरी मॅट होती, बस्स. डावा हातही स्टिअरिंगवरून सुटून मांडीशेजारी खाली आला आणि काही न धरता परत वर गेला. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा तेच. रांजणगावला वळताना तेच. माणूस पन्नाशीचा असेल. बस आवाज न करता सुळकन पुढं जात होती आणि त्याचे डावे हातपाय मात्र जुन्या ड्युटीवर होते.

याच रस्त्यावर, 1 जून 1948 रोजी, एसटीची पहिली गाडी नगरहून पुण्याला धावली. लाकडी बॉडीची बेडफोर्ड. 1 जून 2022 ला पहिली विजेवरची शिवाईही मुद्दाम याच मार्गावर सोडली. बेडफोर्डवरच्या माणसाला नगर ते पुणे किती वेळा गिअर बदलावा लागला असेल, हा हिशेब कुणी ठेवला नाही. विजेच्या मोटारीला तो प्रश्नच नाही. ती उभ्या जागेवरूनच पूर्ण ताकदीनं ओढते. डिझेलच्या इंजिनाला ते जमत नाही. त्याचा जोर ठरावीक फेऱ्यांतच येतो, त्याखाली ते गुदमरतं, त्यावर नुसतंच ओरडतं. म्हणून मधे गिअर हवेत, आणि गिअर बदलताना इंजिन आणि चाकं क्षणभर सोडवायला क्लच हवा.

वरंधा घाटातून जाणारी महाडची गाडी मला या सगळ्याच्या आधीपासून माहीत आहे. आजोळ तिकडचं. मे महिन्यात स्वारगेटला गाडीत शिरताना आईला खिडकी हवी असे आणि मला ड्रायव्हरच्या मागचं बाक. त्या बाकावर गरम होई, डिझेलचा वास येई, पाय पसरता येत नसत. पण समोरच्या जाळीतून सगळं दिसे. ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला इंजिनाचं भलंमोठं बोनेट, त्यावर त्याचा डबा, कुणाची तरी फणसाची पिशवी, आणि बोनेटच्या बगलेतून वर आलेला गिअरचा दांडा. लांब, मधे वाकलेला. वरचा गोळा कधीच निघून गेलेला असे, तिथं चिंधी गुंडाळून वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला. बस उभी असली की तो दांडा अंगात आल्यासारखा घुमत राही. ड्रायव्हरनं त्यावर तळवा ठेवला की शांत होई.

भोरपर्यंत तो टॉपवर. नीरा-देवघरचं पाणी दिसू लागलं की थर्ड. मग एका वळणाच्या आधी, चढ अजून सुरूही झालेला नसताना, तो काहीतरी करी. क्लच दाबून थर्डमधून दांडा बाहेर काढी. क्लच सोडून देई. मग मोकळ्या इंजिनाला एक्सलेटरचा एक ठोसा देई. इंजिन ‘हूं’ करून वर जाई. ते वर असतानाच पुन्हा क्लच, आणि दांडा खाली सेकंडमध्ये. लोण्यात सुरी जावी तसा म्हणायचा मोह होतो, पण तसा नव्हता. ‘खट’ असा एक स्वच्छ आवाज यायचा आणि तो आवाज आला की आम्ही पोरं एकमेकांकडं बघायचो.

डबल क्लच. जुन्या गिअरबॉक्समध्ये फिरते दोन भाग सारख्या गतीला आणून एकमेकांत बसवायचं काम माणसाकडं असे. मोटारींमध्ये हे काम करणारी सिंक्रोमेशची सोय कॅडिलॅकनं 1928 मध्येच आणली होती, पण आमच्या घाटातल्या गाडीपर्यंत काही ती पोचली नव्हती. गती जुळली नाही की कर्रर्र. सगळी बस दात आवळी. मागून कुणीतरी म्हणे, ‘नवीन दिसतोय.’ जुळली की कुणाला काही कळतही नसे. आणि ती जुळवायला ड्रायव्हरकडं काटा नव्हता, मीटर बहुतेक बंदच. होते ते कान. पावसात, टपावर सामान असताना, वर साठ माणसं आणि दोन कोंबड्या घेऊन तो इंजिनाचा सूर ऐके आणि नेमक्या ठिकाणी दांडा ढकली. गाण्यातलं मला फारसं कळत नाही, पण सुरात येणं म्हणजे काय ते मी त्या जाळीमागं बसून पहिल्यांदा ऐकलं.

वाघजाईला गाडी थांबे. भजी, चहा, माकडं. ड्रायव्हर चहा पिता पिता टायरला लाथ मारून पाही. आता उतार. तिथं एकदा माझ्या मामानं त्याला विचारलं, ‘दादा, आता तर उतारच आहे, न्यूट्रलवर सोडली तर डिझेल वाचेल की.’ ड्रायव्हरनं मामाकडं असं पाहिलं की मामा पुढं महाडपर्यंत बोलला नाही. मग कप ठेवत म्हणाला, ‘पावणं, ज्या गिअरवर चढायचा त्याच गिअरवर घाट उतरायचा. ब्रेक थांबायला असतोय. आवरायला इंजिन.’ उताराला खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं. नुसत्या ब्रेकवर उतरलं की लायनर तापतात, जळका वास येतो, आणि मग ऐन वळणावर पाय दाबूनही ब्रेक लागत नाही. वरंध्याच्या दरीकडं बघितलं की हे भौतिकशास्त्र कुणी समजावून सांगावं लागत नाही. तर वाघजाईपासून खाली माझेरीपर्यंत गाडी सेकंडवर. इंजिन सतत हुंकारत. डावीकडं भिंत, उजवीकडं काहीच नाही, खाली कुठंतरी शिवथरचं रान. मला झोप लागे ती याच टप्प्यात. तो आवाज चालू आहे तोवर कुणीतरी गाडी धरून ठेवली आहे असं वाटे.

तेव्हापासून सेकंडबद्दल मला पक्षपात आहे. फर्स्टला मी गिअर मानतच नाही. तो गाडी जागची हलवण्यापुरता हमाल. टॉप म्हणजे हायवे, म्हणजे जांभया. थर्ड फोर्थ ही नुसती मधली स्टेशनं. सेकंडमध्ये मात्र माणसं दिसतात. सदाशिव पेठेतल्या बोळात, कोकणातल्या लाल गडग्यांमधून, लग्नाच्या वरातीमागं अडकल्यावर, शाळा सुटलेल्या रस्त्यावर, गाडी सेकंडवरच हवी. खिडकीतून कुणी ‘कधी आलास?’ विचारलं तर उत्तर देऊन होतं. चेतकच्या डाव्या मुठीत तर एक, मग न्यूट्रल, मग दोन अशी रचना होती. न्यूट्रल ओलांडून मूठ पुढं फिरली आणि आकड्यावर बाण आला की स्कूटर खरी निघाली.

आणि बॅटरी उतरलेली गाडी ढकलून चालू करतात तीही सेकंडवरच. फर्स्टवर चाकं अडतात. चार जण मागं, एक जण आत, ‘सोड, सोड!’ म्हणून आरडाओरडा, क्लच सुटला की एक हिसका, धुराचा एक ढग, आणि ढकलणारे तसेच रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पुढं करून उभे. सोसायटीत ज्यांच्याशी बोलणं नाही असे लोकही गाडी ढकलायला येत. ऑटोमॅटिक गाडी अशी ढकलून चालू होत नाही. जम्पर केबल आणायची नाहीतर फोन करून माणूस बोलवायचा.

पण एवढं सगळं सांगून मी ऑटोमॅटिकला नावं ठेवणारा नाही. ‘गिअर नाही ती काय गाडी’ म्हणणारे लोक मला विशेष आवडत नाहीत. त्यांना संध्याकाळी सहा वाजता हिंजवडीहून वाकडपर्यंत हाफ क्लचवर आणावं आणि मग डाव्या गुडघ्याचं मत विचारावं. शिवाय या बोलण्याला एक जुना वास आहे. 1984 मध्ये कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की चालू, किक मारायची गरज नाही, गिअर तर नाहीच. आत पट्टा आणि कमी-जास्त रुंद होणाऱ्या पुली. तेव्हा गल्लीतले चेतकवाले काका हसले होते. माझ्या आत्यानं ती घेतली. लायसन्सवर ‘विनागिअर’ असा शिक्का पडला, त्याचं तिला काही वाटलं नाही. नऊवारीतल्या आजीला मागं बसवून ती आळंदीला गेली, पुढं फळीवर गॅसची टाकी ठेवून सिंहगड रस्त्यावरून आली, आणि काका चेतक आडवी करून पेट्रोल कार्ब्युरेटरकडं आणण्याच्या खटपटीत असताना शेजारून हॉर्न देऊन गेली. काकांची चेतक आता विजेवर येते. तिलाही गिअर नाही. हसायला काका नाहीत.

माझी तक्रार असलीच तर वेगळी आहे. ऑटोमॅटिकला पुढचं दिसत नाही. वेग किती, एक्सलेटर किती दाबलाय, इंजिन किती फिरतंय, एवढ्यावर तिचा निर्णय. म्हणजे जे घडलंय त्यावर. वरंध्याचा ड्रायव्हर चढ लागायच्या आधी सेकंड टाकत होता, कारण चढ त्याला दिसत होता. खंबाटकीत ट्रकच्या मागून बाहेर काढताना ऑटोमॅटिक अर्धा क्षण थबकते, विचार करते, आणि मग एकदम दोन गिअर खाली येऊन किंचाळते, तेव्हा मला ते आठवतं. ही उणीव ओळखणारेही भेटले. रोल्स रॉईसनं 2013 मध्ये रेथ नावाची गाडी काढली, तिचा गिअरबॉक्स उपग्रहावरून पुढचं वळण, पुढचा चढ बघतो आणि आधीच गिअर निवडून ठेवतो. एसटीच्या ड्रायव्हरला जे खाकी शर्टात जमत होतं त्यासाठी अवकाशात उपग्रह लागले. किंमत मी बघितली नाही.

आपल्याकडं मोटारींमध्ये ऑटोमॅटिक खरी पसरली ती 2014 नंतर, मारुतीनं सेलेरिओत एएमटी आणल्यावर. आमचे मेस्त्री तिला ऑटोमॅटिक मानत नाहीत. हायवेच्या कडेला त्यांचं गॅरेज आहे, क्लचच्या कामासाठी लोक लांबून येतात. त्यांनी मला एकदा उघडून दाखवलं. गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लच नेहमीचाच. फक्त तुमच्या पायाऐवजी आणि हाताऐवजी एक यंत्र दाबतं आणि ढकलतं. ‘पेडल नाही म्हणजे क्लच नाही असं थोडंच आहे?’ ते म्हणाले. ‘लोक चढावर ब्रेक न लावता नुसत्या एक्सलेटरवर गाडी तोलून धरतात. सिग्नल सुटेपर्यंत आत प्लेट घासतेय. मग येतात माझ्याकडं आणि भांडतात, ऑटोमॅटिकला क्लच प्लेट कुठून आली म्हणून.’

परवा गेलो तेव्हा ते चारशे सात टेम्पोच्या खाली होते. जमिनीवर जुनी प्लेट पडली होती, काळी, रिव्हेट उघडे पडलेली, तिचा तो करपलेला वास सगळ्या शेडमध्ये. मी बाकड्यावर बसून त्यांना ह्युंदाईच्या आयोनिक 5 एनची गोष्ट सांगितली. विजेची गाडी, तिला गिअरची गरज नाही. पण चालवणाऱ्याला करमेना म्हणून कंपनीनं तिच्यात आठ खोटे गिअर घातलेत. गिअर बदलला की गाडी मुद्दाम धक्का देते आणि स्पीकरमधून इंजिनाचा आवाज येतो. तिकडं जपानात तर लेक्ससनं विजेच्या गाडीला क्लचचं पेडल आणि गिअरचा दांडा लावून पाहिला, कशालाही न जोडलेला.

मेस्त्री खालून बाहेर आले.

‘धक्का मुद्दाम देते?’

‘हो.’

‘आणि त्याचे पैसे घेतात?’

‘गाडीच महाग आहे.’

‘आमच्याकडं पाठवा म्हणावं,’ मेस्त्री पुन्हा खाली सरकत म्हणाले, ‘चारशे सातवर बसवतो एक दिवस, फुकट. ए बारक्या, बारा-तेराचा पाना कुठं टाकलास रे?’