बूस्ट गेज, चुकीचा पाइप आणि मी

माझ्या टर्बो पेट्रोल गाडीचा बूस्ट कमी पडतोय, हा संशय आधी मोबाइलमधल्या अ‍ॅपने माझ्या डोक्यात भरवला. गाडीच्या ओबीडी सॉकेटला ब्लूटूथचं यंत्र लावलं की अ‍ॅप बूस्टचा आकडा दाखवतं. पूर्ण थ्रॉटलला 0.85 बारच्या आसपास मिळायला हवं, असं जाणकारांकडून ऐकलं होतं. अ‍ॅप 0.79 च्या वर जाईना. टर्बो थकला, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

इथली चूक शाळेतल्या वजाबाकीची होती. इंजिनातला मॅप सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो, म्हणजे निर्वात पोकळीपासून. बूस्ट म्हणजे त्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा करून उरलेला आकडा. माझं अ‍ॅप सरसकट समुद्रसपाटीचा दाब, 101 किलोपास्कल, वजा करत होतं. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि इथे हवेचा दाब साधारण 95 भरतो. सेन्सर 180 दाखवत असेल तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बूस्ट 0.79 बार आणि कोल्हापुरात 0.85. म्हणजे गाडी हवं तेवढं देतच होती. मी रत्नागिरीची वजाबाकी कोल्हापुरात करत होतो. सेटिंगमध्ये बाहेरचा दाब बदलता येत होता, पण मी ते कधी उघडून पाहिलंच नाही.

खात्रीसाठी काट्याचं गेज आणलं. पहिली टी, म्हणजे नळीला फाटा काढणारा तीन तोंडांचा जोड, मी ब्रेक बूस्टरच्या पाइपवर घातली, कारण तो जाड पाइप बॉनेट उघडताच हाताशी येतो. काटा व्हॅक्यूमवर गेला आणि तिथेच बसला. कितीही रेस केलं तरी शून्याच्या वर येईना. त्या पाइपमध्ये एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो, कारण इंजिनात बूस्ट आला तरी ब्रेकसाठी साठवलेला व्हॅक्यूम टिकायला हवा. मी टी व्हॉल्व्हच्या बूस्टरकडच्या बाजूला लावली होती. तिथे बूस्ट कधीच पोहोचत नाही. गेज चुकलं हे त्यातलं किरकोळ. ब्रेक ज्या पाइपच्या जोरावर हलका लागतो तो मी ब्लेडने कापला होता, साध्या झिप टायने बांधला होता आणि तसाच घरच्यांना घेऊन पन्हाळ्याला जाऊन आलो होतो. उतरताना तो जोड सुटला असता तर पेडल दगडासारखं झालं असतं. याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो.

मग टी हलवली ती टर्बोजवळच्या एका बारीक पाइपवर. आता काटा वर जाऊ लागला, पण 0.5 पर्यंतच. अ‍ॅप कमी दाखवतं, गेज त्याहून कमी दाखवतं. माझ्या संशयाला दोन साक्षीदार मिळाले. दोघंही वेगवेगळ्या कारणांनी चुकत असतील, हे सुचलं नाही. तो पाइप वेस्टगेटच्या अ‍ॅक्च्युएटरचा होता. टर्बोकडे जाणारा एग्झॉस्ट किती वळवायचा हे वेस्टगेट ठरवतो आणि त्याला हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारा दाब मधला सोलेनॉइड मुद्दाम कमी करून पाठवतो. मी सोलेनॉइडच्या पुढे टी घातली होती. तिथला 0.5 हा इंजिनातला बूस्ट नव्हताच.

शिवाय नळी मी फिश टँकच्या दुकानातून आणली होती. इंजिनाच्या उष्णतेने ती मऊ पडली आणि टीपाशी हवा सुटू लागली. अ‍ॅक्च्युएटरला पोहोचणारा दाब त्यामुळे आणखी घटला, म्हणजे वेस्टगेट उशिरा उघडू लागला. गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, सोलेनॉइडचं काम कमीजास्त करून ते सावरून घेत होता, म्हणून चालवताना काही जाणवलं नाही. माझ्या मोजण्यानेच मोजायची गोष्ट बदलत चालली होती.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी अ‍ॅक्च्युएटरचा रॉड थोडा आखूड करून घट्ट केला, ‘बूस्ट परत आणण्यासाठी’. निपाणीच्या पुढे तवंदी घाटाच्या चढावर गाडीने एकदम दम सोडला, चेक इंजिनचा दिवा लागला आणि मागच्या ट्रकने हॉर्नवर हॉर्न दिले. कोड होता पी 0234. त्याचा अर्थ बूस्ट मर्यादेपेक्षा जास्त. कमी नव्हे, जास्त! ईसीयूने इंजिन वाचवण्यासाठी ताकद कापली होती.

उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडे गाडी नेली, त्यांनी गेजकडे बघितलंही नाही. बॉनेट उघडून नळीवरून बोट फिरवत टीपाशी आले आणि म्हणाले, “भावा, गेज बरं हाय का नाही ते मागनं बघू. हितनं कुणी पाइप काढायला सांगितलं तुला?” मी कुणाचं नाव सांगणार?

गेज शिरोलीच्या एमआयडीसीत ओळखीच्या एकाच्या इन्स्ट्रुमेंट रूममध्ये मास्टर गेजशेजारी लावून पाहिलं. 0.8 बारला फरक 0.03 च्या आत. आत बोर्डन ट्यूब होती, 1849 साली फ्रान्समध्ये पेटंट झालेली तीच साधी वाकडी नळी. 1.6 क्लासच्या, उणे 1 ते 2 बारच्या गेजला 0.05 बारपर्यंतची चूक मान्यच असते. म्हणजे ज्या 0.06 बारवरून मी टर्बोवर संशय घेतला, तेवढा फरक चांगल्या गेजमध्येही जवळपास खपून जातो. हे आधी कळलं असतं तर स्पॅनर हातात घेतलाच नसता.

मिस्त्रींनी रॉड पूर्ववत केला, दोन्ही कापलेले पाइप बदलले. थ्रॉटलच्या पुढे, थेट इनटेक मॅनिफोल्डवर, एक बंद ठेवलेलं निपल होतं. तिथून नळी घेतली. थ्रॉटलच्या अलीकडून घेतली तर अर्ध्या थ्रॉटलला सिलिंडरपर्यंत न पोहोचणारा दाबही काट्यावर दिसतो. शेजारच्या लेथवाल्याने पितळेचा छोटा जोड करून दिला, आत बारीक भोकाचा, काटा थरथरू नये म्हणून. अशा भोकाच्या पुढे नळी गळत असेल तर मात्र गेज हमखास कमी दाखवतं. म्हणून सिलिकॉनची नळी, क्लॅम्प, एग्झॉस्टपासून अंतर आणि शेवटी पायपंपाने हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी.

आता इंजिन बंद असताना काटा शून्यावर असतो. इग्निशन चालू आणि इंजिन बंद असताना सेन्सर 95 दाखवतो, फोनच्या बॅरोमीटरवरही तेवढंच. आयडलला व्हॅक्यूम 0.6 च्या आसपास, आणि सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला 0.85.

गेज बसवणार असाल तर ब्रेक बूस्टरच्या आणि अ‍ॅक्च्युएटरच्या पाइपला कृपा करून हात लावू नका. मॅनिफोल्डवरची जागा सापडत नसेल तर माहितगाराला विचारा, आणि गेजचं शून्य, गळती, गावाची उंची तपासून होईपर्यंत त्या आकड्यावरून इंजिनाचा एक नटही फिरवू नका.